धुराची भरपाई



परभणी जिल्ह्यात जंगल अगदी थोडे. पण पाऊस बिघडला की आपलेच सोयाबीन आणि कापूस जातो. ज्याने धूर केला त्याने जंगल राखणाऱ्याला मोबदला द्यावा, हे न्यायाचेच आहे. पण तो कसा द्यावा?

एक वाट कराची. कोस्टारिका देशाने १९९६ च्या वनकायद्याने इंधनकराचा वाटा जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना दिला. भारतात २०१० साली स्वच्छ ऊर्जेसाठी कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसला. २०१६ मध्ये तो ४०० झाला. मात्र २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो पैसा राज्यांच्या भरपाईकडे वळला.

दुसरी वाट ‘कार्बन क्रेडिट’ची. कंपनी दूरच्या जंगलासाठी पैसे देते आणि तेवढा आपला धूर वजा धरते. यातून नवी सट्टेबाजी वाढेल आणि खरा बदल टळेल, असा इशारा पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’मध्ये दिला.

जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. पुढे लुबाडण्याची मुभा मागितली नाही. म्हणून आम्हाला कराची वाट बरी वाटते. मात्र पैसा जंगलापर्यंत पोहोचावा आणि धूरही घटावा. आपल्या घरची बरीच वीज कोळशाचीच आहे. तेव्हा हा हिशेब आपलाही आहे.