लूपमधला सांधा

आफ्टर इफेक्ट्समध्ये पणतीची ज्योत अखंड हलती ठेवायची, तर पहिली आणि शेवटची कीफ्रेम सारखीच ठेवतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर ४ सेकंदांच्या १०० फ्रेम होतात: ० ते ९९. १०० क्रमांकाची फ्रेम म्हणजे शून्याचीच नक्कल. ती राहिली, तर सांध्यावर ज्योत क्षणभर अडखळते. म्हणून मी ती कापतो.

पण बघणारा भानावर येतो, तो त्या अडखळण्यातच. ‘संपलं’ हे त्याला तिथे कळतं. पणतीपुढे कुणी कितीही वेळ बसावं. जाहिरातीच्या लूपमध्ये मात्र सांधा लपवणं म्हणजे बाहेर पडायचं दार लपवणं, असं मला वाटतं. सफाई माझी असते, वेळ त्याचा जातो.

म्हणून तिथे शेवटी मी १२ फ्रेम चित्र स्थिर ठेवतो. क्लायंट कुरकुरतो. बघणाऱ्याला तेवढ्यात उठता येतं.