खरखर कोठे होते?



करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 14 व्या अध्यायात प्रेषित पौल पावा व वीणा यांचा दाखला घेतो. स्वर स्पष्ट निघाले नाहीत, तर काय वाजते आहे हे ऐकणाऱ्यास कळावे कसे, असे तो विचारतो. तो अन्य भाषांविषयी बोलत आहे हे खरे. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळीच्या बेस गिटारने मला तो अध्याय पुन्हा उघडावयास लावला.

हे वाद्य ज्यांनी जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चार जाड तारा, लांब मान, आणि मानेवर सतारीच्या पडद्यांप्रमाणे धातूच्या आडव्या पट्ट्या; त्यांस फ्रेट म्हणतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते व तिचा झोका नुसत्या डोळ्यांना दिसतो. झोक्याला जागा पुरली नाही की ती फ्रेटवर आपटते आणि खरखर होते. तंबोऱ्याच्या जवारीत अशी झणझण मुद्दाम साधतात. बेसवर ती नको असते.

आमचा वादक कॉलेजातला मुलगा. खरखर सुरू झाली तेव्हा भर तालमीत मी त्याला म्हणालो, "अरे, वाजवतोस की मारामारी करतोस?" तो "बरं, सर" एवढेच म्हणाला. पुढचे दोन रविवार आला नाही. मग मी ब्रिजचे स्क्रू पिळून तारा उंच केल्या. खरखर कमी झाली, पण तार दाबताना बोटे दुखू लागली. दोष झाकला गेला, एवढेच.

त्याच सुमारास गोव्याचे एक पाहुणे आले. बँडमध्ये बेस वाजवण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. त्यांनी पहिल्याने ॲम्प्लिफायर बंद केला. विजेची घरघर असेल तर ती तिथेच थांबते. तारेची थांबत नाही. मग तारा पूर्वीच्या उंचीवर आणून एकेक फ्रेट सावकाश वाजवू लागले. "सर, आधी कुठे वाजतं ते ऐका, मग हात लावा," म्हणाले.

मोकळी तारच खरखरली, तर मानेच्या टोकाच्या नटची खाच खोल गेलेली असते. एकाच जागी खरखरली, तर पुढचा फ्रेट वर आलेला किंवा सैल असतो. बाराव्याच्या पुढे खरखर असेल, तर बहुधा ब्रिजपाशी तार फार खाली असते. आमच्या गिटारीत पहिल्या चार-पाच फ्रेटवरच खरखर होती. म्हणजे मान गरजेपेक्षा सरळ झाली होती.

त्यांनी तार पहिल्या फ्रेटवर व मान धडाला मिळते तेथे दाबली. अशा वेळी मधल्या सातव्या-आठव्या फ्रेटवर सुमारे 0.3 मिलिमीटर फट हवी. गॅरेजमधून फीलर गेज आणून पाहिले, फट नव्हतीच.

मानेच्या पोटात पोलादी सळई असते. तारा मानेला पुढे ओढतात, सळई मागे. "नव्या तारा कोणी आणल्या?" त्यांनी विचारले. मीच आणल्या होत्या. जुन्या संचातील जाड तार इंचाच्या हजारांशांत 105 ची होती. स्वस्त पडतात म्हणून मी 95 ची आणली. ताण कमी झाला, सळई वरचढ झाली. दमट हवेनेही लाकूड फुगते. पण त्या सबबीमागे लपावे असे मला वाटेना. मत्तयाच्या 7 व्या अध्यायातले मुसळ माझ्याच खरेदीच्या पिशवीतून आले होते.

सळईचे नट पाव फेरा डावीकडे सैल केले, तारा पुन्हा सुरात लावल्या, रात्रभर तसेच ठेवून सकाळी पुन्हा मोजले, आणखी किंचित सैल केले. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नाही. नट अडले तर जोर न लावता कारागिराकडे न्यावे.

त्या संध्याकाळी मी गिटार घेऊन मुलाच्या घरी गेलो. त्याच्या आईदेखत चूक सांगितली. दटावले चौघांदेखत होते, म्हणून पुढच्या तालमीतही सांगेन म्हणालो. रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनो, हे पाव फेऱ्याहून जड जाते.

तो काही बोलला नाही. गिटार मांडीवर घेऊन पहिला, दुसरा, तिसरा फ्रेट वाजवून पाहिला.

"सर, तिसऱ्यावर थोडी आहे अजून."

"मग?"

"असू द्या. ॲम्प लावल्यावर ऐकू येणार नाही. रविवारी किती वाजता यायचं?"