धर्मराजाचा कुत्रा आणि पन्हाळ्यावरची खोली

मोठा कुत्रा बरोबर घेऊन निघालेल्या माणसाला उतरायला जागा मिळाली नाही की त्याला महाभारत आठवते. निदान आपल्याकडे तरी आठवते. इंद्र रथ घेऊन उभा आहे, वर चल म्हणतो आहे, आणि युधिष्ठिर म्हणतो आहे की हा कुत्रा येणार असेल तरच मी येईन. लॉजच्या काउंटरवरून परत फिरलेला माणूस स्वतःला युधिष्ठिराच्या जागी ठेवतो, लॉजवाल्याला इंद्राच्या जागी, आणि मनातल्या मनात खटला जिंकून मोकळा होतो. माझ्या एका स्नेह्यांनी तर हा दाखला एका व्यवस्थापकाला तोंडावर ऐकवला होता. मला तो फार दिवस खटकत असे. का खटकतो हे गेल्या श्रावणात आम्ही पन्हाळ्याला जायचे ठरवले तेव्हा नीट उमगले.

आमचा हरण्या जातीने कारवानी. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली म्हणून शहरातले लोक तिला मुधोळ हाउंड म्हणतात. लांब तोंड, आत ओढलेले पोट, काठीसारखे पाय, आणि उभा राहिला की खांद्याशी २८ इंच. २००५ साली टपाल खात्याने या जातीचे तिकीट काढले. पण तिकिटावरचा कुत्रा वेगळा आणि खोलीच्या दारात उभा राहिलेला वेगळा. घरात आम्ही नवराबायको दोघेच. कुत्री सांभाळणाऱ्या एका ठिकाणी त्याला एकदा ठेवला होता, तर त्याने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही. नऊ वर्षांच्या कुत्र्याला हा प्रयोग पुन्हा करायचा नाही असे पत्नीने ठरवले, आणि घरात काही गोष्टी तिने ठरवल्या की ठरल्या. रेल्वेने जावे तर पहिल्या वर्गाची अख्खी कुपे घ्यावी लागते, नाहीतर कुत्रा गार्डच्या डब्यातल्या पेटीत. म्हणून पुण्याहून मोटारीने कोल्हापूर आणि तिथून वीसेक किलोमीटरवर पन्हाळा.

निघण्यापूर्वी पाच ठिकाणी फोन केले. दोघांनी सरळ नाही म्हटले. दोघांनी विचारले, "लहान आहे का मोठा? लहान असेल तर बघू." एकाने सांगितले की कुत्रा रात्री गाडीत ठेवा, हरकत नाही. श्रावणातला पन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की तिथे धुके खिडकीतून आत येते आणि पाऊस आडवा लागतो. काच उघडी ठेवली तर कुत्रा भिजणार, बंद ठेवली तर गुदमरणार. पण सांगणाऱ्याला यात काही विसंगत वाटले नाही. कुत्रा ही त्याच्या दृष्टीने सामानातली एक वस्तू होती.

लहान की मोठा, हा प्रश्न मात्र मला वाटला तितका पोरकट नाही. प्रथम मी चिडलो होतो. चावरेपणा काही इंचांवर मोजायचा नसतो, लहान कुत्रीच अधिक अंगावर येतात, हे कुत्री पाळणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. पण विचार केला तेव्हा ध्यानात आले की स्वभाव हा मला दिसतो, परक्याला नव्हे. परक्याला आकारच दिसतो. माझ्या नऊ वर्षांच्या सहवासातून मिळालेले ज्ञान मी त्याच्या हातात एका वाक्याने कसे ठेवणार? "तो काही करत नाही" हे वाक्य प्रत्येक कुत्र्याचा धनी म्हणतो. ज्याचा कुत्रा चावला आहे तोही आदल्या दिवसापर्यंत तेच म्हणत होता. आणि म्हणूनच हितचिंतकांचा सल्ला, लहान आहे म्हणून सांगा, एकदा आत गेलात की कोण काढतो, मला पटला नाही. ज्याच्याकडे आपण विश्वास मागायला जातो आहोत त्याला पहिल्याच वाक्यात फसवायचे, हा व्यवहार काही धर्मराजाचा नव्हे.

शेवटी गडावर जाऊन प्रत्यक्ष विचारावे असे ठरले. जिथे चार दरवाजा होता आणि आता मोटाररस्ता आहे तिथून आत शिरलो. एका लॉजचा मालक मध्यमवयीन, बोलायला मोकळा. त्याने हरण्याला पाहिले, कौतुक केले, आमच्याकडे जतच्या बाजूला असली कुत्री असतात म्हणाला. मग पत्नीकडे वळून म्हणाला, "वहिनी, तुमचं कुत्रं चावत न्हाई हे तुम्हास्नी ठावं. आमच्या मावशीला कसं ठावं असणार?"

मावशी बोळाच्या टोकाला बादली घेऊन उभ्या होत्या. त्या आमच्याकडे पाहत नव्हत्या, हरण्याकडे पाहत होत्या. लहानपणी त्यांना गावात पिसाळलेला कुत्रा चावला होता आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली होती, असे मालकाने सांगितले. आज दंडात चार-पाच घेऊन भागते. पण रोग एकदा अंगात उठला की माणूस वाचत नाही हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे. खोल्या त्या एकट्या झाडत होत्या. आम्ही खोली घेतली असती तर रोज सकाळी आमचे दार त्यांनाच ठोठवावे लागले असते.

माझा सगळा विचार इथून सुरू होतो. इंद्राच्या पाठीमागे बोळात कोणी बादली घेऊन उभे नव्हते. स्वर्गात खोल्या झाडाव्या लागत नसाव्यात. म्हणून महाप्रस्थानिक पर्वातला तो प्रसंग इतका निर्मळ झाला आहे. तिथे निष्ठेची सगळी किंमत एकटा युधिष्ठिर देतो. इंद्र त्याला टोचतो, भावांना आणि द्रौपदीला वाटेत टाकलेस, मग कुत्र्याचे काय एवढे? त्यावर तो म्हणतो की ते मेले, मेलेल्यांना मी परत आणू शकत नव्हतो. जिवंतपणी मी कोणाला टाकले नाही. शरण आलेल्याला सोडणे म्हणजे महापातक. पण तो इंद्राला असे म्हणत नाही की तुझा नियम बदल. स्वर्गावर माझा हक्क आहे आणि म्हणून माझ्या कुत्र्याचाही आहे, असे त्याचे म्हणणे नाही. तो फक्त एवढे म्हणतो की मग मला नको. लॉजच्या काउंटरवर युधिष्ठिराचा दाखला देणारा माणूस नेमके उलटे करतो. त्याला कुत्राही हवा असतो आणि खोलीही, आणि किंमत मात्र मावशींनी द्यावी असे त्याला वाटते.

पन्हाळ्यावर हे विशेष जाणवते, कारण तो गडच निष्ठेच्या गोष्टींनी भरलेला आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा महाराजांचे सोंग घेऊन पालखीत बसलेला शिवा काशीद पायथ्याच्या नेबापूरचा, जातीचा न्हावी. बाजीप्रभू विशाळगडाच्या वाटेवर खिंडीत उभे राहिले. दोघांचेही पुतळे गडावर आहेत आणि पर्यटक त्यांच्यापुढे फोटो काढतात. या दोघांनीही जे द्यायचे ते स्वतःचे दिले. रायगडावर वाघ्या कुत्र्याचा पुतळा १९३६ मध्ये बसवला गेला, आणि महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या त्या कुत्र्याला समकालीन पुरावा नाही म्हणून त्याच्यावरून २०२५ मध्येही मोठा वाद झाला. त्या वादात मला शिरायचे नाही. कुत्र्याने धन्यासाठी चितेत उडी घ्यावी ही कल्पना आपल्याला इतकी भावते, आणि धन्याने कुत्र्यासाठी एका रात्रीची गादी सोडावी हे मात्र फार झाले असे वाटते, एवढीच गंमत मला नोंदवायची आहे.

महाभारतातल्या त्या गोष्टीविषयी माझी आणखी एक तक्रार आहे. कुत्रा शेवटी धर्म निघतो. साक्षात यमधर्म, युधिष्ठिराचा पिता. म्हणजे परीक्षा संपली, सगळे हसले, रथ वर गेला. पण कुत्रा कुठे गेला? ज्या क्षणी तो धर्म झाला त्या क्षणी कुत्रा उरलाच नाही. कुत्रेवाल्यांना स्वर्गात जागा नाही हा नियम इंद्राला बदलावा लागला नाही, मोडावाही लागला नाही. खराखुरा, अंगाला वास येणारा, पावसात भिजून आलेला कुत्रा स्वर्गात घेता येतो की नाही, हा प्रश्न व्यासांनी तसाच ठेवला. तो पन्हाळ्याच्या लॉजवाल्याने सोडवावा अशी आपली अपेक्षा असते.

मग माझे हरण्याशी काही देणे आहे की नाही? जर्मन तत्त्वज्ञ कान्ट यांनी नीतिशास्त्रावरच्या व्याख्यानांत म्हाताऱ्या कुत्र्याचे उदाहरण घेतले आहे. आयुष्यभर चाकरी केलेला कुत्रा निकामी झाला म्हणून धन्याने त्याला गोळी घातली, तर कुत्र्याविषयीचे कर्तव्य चुकले असे ते म्हणत नाहीत, कारण त्यांच्या मते तसे कर्तव्यच नसते. धनी स्वतःमधल्या माणुसकीला इजा करतो, एवढेच. कुत्रा म्हणजे जणू माणुसकीची तालीम करायची जागा. मला हे पटत नाही. कुत्रा माणसाच्या सोबतीला येऊन निदान चौदा हजार वर्षे झाली. लांडग्याच्या पोटी जन्मलेल्या या प्राण्याला माणसाच्या तोंडाकडे पाहत बसण्याची सवय आपण लावली. हरण्या दोन दिवस उपाशी राहिला तो स्वतःच्या स्वभावाने नव्हे. आपण घडवलेल्या स्वभावाने राहिला. जो परावलंबी आहे तो आपल्या करणीने परावलंबी आहे, आणि म्हणून देणे थेट त्याचेच आहे. मात्र हे देणे माझे आहे. मी त्याला घरी आणले. लॉजवाल्याने आणले नाही, मावशींनी तर नाहीच.

इथे मला एका तुलनेविषयी बोलले पाहिजे, कारण ती हल्ली सर्रास कानावर पडते. कुत्र्याला प्रवेश नाही ही पाटी पाहून लोक अस्पृश्यतेची आठवण काढतात. ज्या देशात १९१७ साली बडोद्याला आंबेडकरांना राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव घेऊन पारशांच्या खानावळीत उतरावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले, तिथे ही तुलना फार जपून करावी. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ मध्ये माणसे पाणी प्यायला गेली तेव्हा त्यांचे गाऱ्हाणे हेच होते की जनावरांना जिथे मज्जाव नाही तिथे आम्हांला आहे. आपल्या देशात कुत्रा आत आणि माणूस बाहेर, असे शतकानुशतके चालले होते. मावशींची भीती आणि त्या काठीवाल्यांचा विटाळ एका शब्दात बसवणे हे त्या माणसांचा अपमान करणे आहे. भीतीला कारण विचारता येते आणि ते ऐकता येते. विटाळाला कारण नसते.

आम्ही खोली मागितली नाही. मालकाने चहा दिला, हरण्यासाठी पत्र्याच्या डब्यात पाणी ठेवले, आणि पायथ्याच्या एका वाडीत आपल्या नात्यातल्या शेतकऱ्याचे घर सांगितले. पैसे द्या, पण लॉजइतके देऊ नका, असेही बजावले. तिथे आम्ही चार दिवस राहिलो. सोप्यात आमच्या दोन खाटा, कडेला गोठ्याजवळ हरण्यासाठी पोते. घरच्या कुत्र्याने तासभर आकांत केला, मग दोघांनी आपसात काही तरी ठरवले. घरातल्या आजींनी एकच नियम सांगितला, "सोप्याच्या आत न्हाई यायचं त्यानं. आत देव हायत." हरण्या उंबऱ्याला हनुवटी टेकून आत पाहत पडे, आणि त्या त्याला तिथेच भाकरी टाकत.

जुन्या घरांना ही अधलीमधली जागा होती. सोपा, ओटी, पडवी, धर्मशाळेची ओवरी. जो धड घरचा नाही आणि धड परका नाही त्याला तिथे सामावता येत असे, कोणाला फार न ओढता. लॉजच्या खोलीला उंबरा नसतो, दार असते. आत किंवा बाहेर. म्हणून तिथे प्रत्येक प्रश्न हक्काचा होतो. हे मी आजींच्या सोप्यात बसून मोठ्या समाधानाने पत्नीला सांगत होतो. ती म्हणाली, "याच सोप्याच्या खाली माणसांना बसवत होते, आणि त्यांची कपबशी वेगळी ठेवत होते. ते विसरू नका." ते खरेच आहे. कुत्र्याला सुखाची होती तीच अधलीमधली जागा माणसाला बेडी होती, आणि तिच्याबद्दल हळहळ वाटताना ही दुसरी बाजू डोळ्यांआड करता येत नाही. लॉजच्या दाराने पुष्कळांना ती बेडी तोडून दिली: पैसे मोजा, किल्ली घ्या, जात सांगू नका. या बदल्यात हरण्याची जागा गेली असेल, तर हा सौदा तोट्याचा झाला असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तरी लॉजवाल्यांचे काहीच देणे नाही असे मला म्हणायचे नाही. महाभारत कुत्र्याजवळ संपत येते हे सर्वांना ठाऊक असते. ते कुत्र्यापासून सुरू होते हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञाजवळ सरमेचे पिल्लू येते आणि जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. पिल्लू आईला सांगते, मी हविर्भागाला जीभ लावली नाही, त्याच्याकडे पाहिलेही नाही. सरमा यज्ञमंडपात जाऊन विचारते, याला का मारलेत? तिला कोणी उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते, की तुम्हाला न दिसणारे भय येईल, आणि राजा जनमेजय घाबरून पुरोहित शोधत फिरतो. सरमेने यज्ञात वाटा मागितला नव्हता. तिने कारण विचारले होते. ज्याने मला गाडीत ठेवा म्हणून सांगितले त्याच्याकडे कारण नव्हते, आणि ज्याने मावशींकडे बोट केले त्याच्याकडे होते. दोघांनीही खोली दिली नाही. पण गडावरून उतरताना त्या दोघांना एकाच मापाने मोजायचे माझ्या मनात आले नाही, आणि मागच्या सीटवर झोपलेल्या हरण्याला तर दोन्ही लॉज सारखेच होते.