नऊशे एक्याऐंशीचा मोह

सेमिस्टर संपत आलं की शिरूर असो वा दौंड, फिजिक्सची जर्नलं या हातातून त्या हातात फिरू लागतात. मागच्या बॅचची फाइल पुढ्यात उघडी, ऑब्झर्व्हेशन टेबल उतरवून घेणं चाललेलं आणि सबमिशन उद्यावर आलेलं. ही रीत या दोन गावांपुरती मुळीच नाही, महाराष्ट्रभर ती सुखाने नांदते आहे.

साध्या लंबकाचा प्रयोग घ्या. गुरुत्वत्वरणाचं, म्हणजे 'जी'चं पुस्तकातलं उत्तर 981 सेंटिमीटर प्रति सेकंदवर्ग. जर्नलांतही तेच, फार तर 980.7. गंमत अशी की हा आकडा इथला नाहीच. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, स्वतःभोवती फिरतेही आहे. त्यात हे दोन्ही तालुके आहेत 18-19 अंश अक्षांशांच्या आसपास आणि समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांच्या वर. त्यामुळे इथला 'जी' 978च्या जवळपास भरतो. चोरी करायची तीही परगावच्या आकड्याची!

अर्थात एवढा फरक कॉलेजच्या लंबकाला कळत नाही. मीटरभर लांबीच्या लंबकाला 20 आंदोलनांना साधारण 40 सेकंद लागतात. 981 आणि 978 यांतला फरक त्यात जेमतेम 0.06 सेकंदांचा, आणि स्टॉपवॉचवरचा अंगठा त्याहून जास्त चुकतो. 0.2 सेकंद इकडेतिकडे झाले की उत्तर दहाएक एककांनी सरकतं. म्हणून 970 किंवा 988 आलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. अख्ख्या बॅचचं 981 आलं, तर मात्र सरांनी चष्मा पुसावा.

आलेला आकडा तसाच लिहिण्याचं मोल काय, याचा एक जुना दाखला आहे. 1672 मध्ये झाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या काएनला गेला. पॅरिसला बिनचूक चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे रोज अडीचेक मिनिटं मागे पडू लागलं. उष्णतेने लंबक लांबला असेल, अशी शंकाही पुढे निघाली. रिशेने दिसलं ते नोंदवलं होतं. 1687च्या 'प्रिन्सिपिया'त न्यूटनने पृथ्वीच्या आकाराविषयी लिहिताना त्या नोंदीचा आधार घेतला.

पोरांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. "सर, 968 येतंय," म्हणणाऱ्याला "परत घे" एवढंच ऐकू येत असेल आणि शेजाऱ्याच्या सुबक 981 ला पैकीच्या पैकी मिळत असतील, तर तो शिकायचं ते शिकतोच. यातलीच काही मुलं उद्या रांजणगाव एमआयडीसीत मायक्रोमीटरने जॉब मोजतील, काही कुरकुंभच्या रसायन कारखान्यांत तापमानाचं लॉगशीट भरतील. शिफ्ट संपत आल्यावर वरच्या ओळीतला आकडा खाली उतरवायला हात तिथेही शिवशिवणारच.

जर्नलवर सही करण्यापूर्वी शेवटच्या प्रॅक्टिकलला अर्धा तास काढता येईल. प्रत्येकाचा 'जी' फळ्यावर लिहावा, सरासरी काढावी, आकडे एवढे विखुरले का ते मुलांनाच विचारावं. गुण द्यायचे ते त्या उत्तराला. आणि एखाद्याचं नेमकं 981 आलं असेल, तर स्टॉपवॉच हातात देऊन त्याला सर्वांसमोर पुन्हा 20 आंदोलनं मोजू द्यावीत.