रुग्णालयातून परतलेला रोगी

रोगी बरा होऊन घरी गेला की वैद्याचे कर्तव्य संपले, असे सामान्यतः समजले जाते. तोच रोगी महिन्याच्या आत पुन्हा त्याच दाराशी आला म्हणजे दोष कोणाचा, हा प्रश्न उत्पन्न होतो. त्याचे उत्तर मात्र फार घाईने दिले जाते. कोणी म्हणतो, पथ्य पाळले नसेल. कोणी म्हणतो, त्याचे प्रारब्ध. या दोन्ही उत्तरांत एक सोय आहे. उत्तर देणाऱ्याला स्वतः काहीच करावे लागत नाही.

रायपूरजवळचे उरला हे एके काळचे गाव आज स्पंज लोखंडाच्या भट्ट्यांनी आणि रोलिंग मिलांनी वेढलेले आहे. दम्याने वा क्षयाने खंगलेला तेथील एखादा मजूर शहरातील सरकारी रुग्णालयात दाखल होतो. तेथे वेळेवर औषध, दोन वेळचे अन्न आणि निजावयास खाट मिळते. धूर दूर राहतो. साहजिकच तो सुधारतो. निघताना त्याला सांगण्यात येते की, सकस आहार घ्यावा, विश्रांती घ्यावी, धूळ टाळावी, पंधरा दिवसांनी दाखवावयास यावे. उपदेश यथार्थ आहे. परंतु रोजंदारीच्या मनुष्याने तो आचरावा कसा? विश्रांती घेतली तर मजुरी बुडते, मजुरी बुडाली की आहार सुटतो. धूळ टाळावयाची तर कामच सोडावे लागते. तपासणीचा दिवस म्हणजे आणखी एका दिवसाचा खाडा. कुटुंब गावी असेल तर औषधाची आठवण करून देणारेही कोणी नसते. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने आजारपणात वेतनाचा काही अंश मिळण्याची तरतूद केली खरी, पण ठेकेदाराने ज्याचे नाव नोंदविलेच नाही, त्याला तिचा काय उपयोग?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, विविध करणे, नाना चेष्टा आणि दैव. दैव हे त्यांत पाचवे आहे. त्याच्या आधी चार आहेत. केवळ एकट्यालाच कर्ता समजणाऱ्याची बुद्धी असंस्कृत होय, असेही तेथे म्हटले आहे. हे वचन बहुधा स्वतःच्या अहंकाराविषयी घेतले जाते. पण रोग उलटला म्हणून एकट्या रोग्यास कर्ता ठरविणाऱ्यासही ते तितकेच लागू पडते.

एकट्या रुग्णालयाला दोषी धरले तरी न्याय होत नाही. अमेरिकेत २०१२ पासून, तीस दिवसांत परतणाऱ्या रोग्यांचे प्रमाण अधिक असलेल्या रुग्णालयांचे सरकारी देयक कापले जाऊ लागले. त्याचा भार गरिबांची सेवा करणाऱ्या रुग्णालयांवरच अधिक पडला. अखेर २०१६ मध्ये कायदा करावा लागला, आणि २०१९ पासून गरीब रोगी जेथे अधिक, त्या रुग्णालयांची तुलना तशाच रुग्णालयांशी होऊ लागली.

रोग्याच्या घरची परिस्थिती बदलली तर काय घडते, हे झारखंडात दिसून आले. २०१९ ते २०२२ या काळात चार जिल्ह्यांतील २,८०० क्षयरोग्यांना औषधांबरोबर दरमहा शिधा देण्यात आला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन शेकडा पाचने वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी आढळला. ज्या घरांतील इतर माणसांनाही शिधा मिळाला, तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. तांदूळ, डाळ, तेल, दूधभुकटी यांत चमत्कार तो कोणता? पण औषधाच्या चिठ्ठीवर हे जिन्नस सहसा लिहिले जात नाहीत.

रोग्यास भेटावयास जाताना फळे नेण्याची रीत गृहस्थांत आहे, आणि ती चांगली आहे. मात्र ती फळे जातात रुग्णालयात, जेथे जेवण मिळतच असते. घरी परतून पंधरा दिवस झाले, उसनवारी वाढली आणि औषधाची पुडी संपत आली, त्या वेळी त्याच्या खोलीकडे सहसा कोणी फिरकत नाही. भांडी घासणारी बाई आजारातून उठून चौथ्याच दिवशी कामावर येते तेव्हा घरधनीण तिच्या कामसूपणाचे कौतुक करते. त्या चार दिवसांचा पगार कापला गेला होता की नाही, हे त्या कौतुकात येत नाही.