चित्रातला औदुंबर आणि दारातला

दत्तमहाराजांच्या तसबिरीपुढे आपण हात जोडतो ते त्रिमूर्तीला. पण तसबीर नीट पाहिली तर तिच्यात अरण्यच जास्त दिसतं. मागे औदुंबर, शेजारी गाय, पायाशी चार श्वान, लांबवर नदी. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि असली रंगीत चित्रं सामान्यांच्या देवघरात आली.

अर्थ आपल्याला पाठ आहे. गाय म्हणजे पृथ्वी, चार श्वान म्हणजे चार वेद, औदुंबर म्हणजे श्रीगुरूंचं वसतिस्थान. प्रश्न असा की, अर्थ कळल्यावर मूळ वस्तूशी आपलं नातं संपतं का? गाईला पृथ्वी म्हणून वंदन केलं, मग उकिरड्यावर प्लॅस्टिक चघळणाऱ्या गाईचं काय?

माझा जन्म बँकेत चेक हाताळण्यात गेला. चेक म्हणजे नुसता कागद. खात्यात शिल्लक असेल तरच तो वटतो. प्रतीकाचंही तसंच आहे. चित्रातल्या औदुंबराची शिल्लक दारातल्या झाडात असते.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. वारा, पाणी, कबुतर, अजगर, मधमाशी अशी ती यादी आहे. झाडाकडून ते परोपकार शिकले, तेही प्रत्यक्ष झाड बघून. उंबराचंच पाहा ना. फळं खोडालाच लगडतात; पाखरं, खारी, वटवाघळं सगळ्यांचं पोट भरतं. फूल मात्र फळाच्या आत दडलेलं, कुणाला दिसत नाही. गुप्तदान याहून वेगळं काय असतं?

आता, मुळांनी भिंत तडकते, पिकल्या फळांचा अंगणात चिखल होतो, ही अडचण खरी आहे. संसारी माणसाला ती नाकारता येत नाही. पण मग फांद्या छाटाव्यात, रोज अंगण झाडावं. कुऱ्हाड हा पहिला उपाय नसावा.

गुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायातला नरहरी आठवा. गाणगापुरी कुष्ठाने पीडलेल्या त्या ब्राह्मणाला श्रीगुरूंनी औदुंबराचं वाळकं लाकूड दिलं. लोकांनी वेड्यात काढलं, तरी तो श्रद्धेने पाणी घालत राहिला. गुरुकृपेने लाकडाला पालवी फुटली आणि तोही बरा झाला. लाकडाचा अर्थ काय, असं त्याने विचारलं नाही. त्याने पाणी घातलं.

यंदा दत्तजयंतीला तसबिरीला हार घालालच. जवळपास औदुंबर असेल तर त्याच्या बुंध्याशी एक तांब्या पाणीही घाला.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥