कलेचा जमाखर्च

कलावंताने पैशाचा विचार करू नये आणि पैशाचा विचार करणाऱ्याने कलेत लुडबूड करू नये, ही समजूत आपल्या समाजात इतकी खोल रुजली आहे की, कलासंस्थांचे व्यवस्थापन हा विद्यापीठात अभ्यासण्याचा विषय आहे असे म्हणताच एका बाजूने सरस्वतीला पेढीवर बसविल्याची तक्रार होते, आणि दुसऱ्या बाजूने, साबणाच्या विक्रीचे तंत्र नाटकालाही पुरेसे असताना हे वेगळे शास्त्र कशाला, अशी पृच्छा होते. हे दोन्ही पक्ष एकमेकांच्या विरुद्ध उभे असले तरी निर्मिती आणि व्यवहार यांचा परस्परांशी आंतरिक संबंध नाही, या एका मुद्द्यावर त्यांचे संपूर्ण एकमत आहे; आणि मराठी रंगभूमीचा व संगीताचा इतिहास साक्ष देतो तो नेमका या एकमताविरुद्ध.

31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला, तेव्हा संगीत नाटक हा नवा कलाप्रकार जन्मास आला हे आपण आवर्जून सांगतो, परंतु त्याच्याबरोबर एक नव्या धर्तीची संस्थाही आकारास आली, हे सांगावयास विसरतो. सारे बिऱ्हाड घेऊन गावोगाव मुक्काम करणारी, नट, साथीदार, आचारी आणि पडदे ओढणारे गडी या सर्वांच्या पोटापाण्याची तजवीज करणारी, आणि तिकिटाच्या उत्पन्नातून थिएटरचे भाडे, रेल्वेचा खर्च व पगार भागवून पुढच्या नाटकासाठी काही शिल्लक टाकू पाहणारी ही मंडळी म्हणजे एक चालता कारखानाच होता. अण्णासाहेब 1885 मध्ये निवर्तले, तरी मंडळी पुढे कित्येक दशके टिकली. त्याचे श्रेय भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्याला जितके आहे तितकेच तिचा कारभार सांभाळणाऱ्या शंकरराव मुजुमदारांच्या दक्षतेलाही आहे. मंडळीचा जमाखर्च पाहणाऱ्या याच गृहस्थांनी ‘रंगभूमि’ हे नाट्यविषयक मासिकही चालविले, ही गोष्ट मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. कारण नाटकाविषयी विचार करणे आणि नाटक मंडळी चालविणे ही दोन कामे एकाच बुद्धीने करता येतात, याचा तो प्रत्यक्ष पुरावा आहे.

याच मंडळीतून बाहेर पडून 1913 मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. काही वर्षांच्या अंतराने दोघे भागीदार निघून गेले आणि सारा भार एकट्या बालगंधर्वांवर येऊन पडला. प्रेक्षकांना उत्तम तेच द्यावयाचे, या ध्यासापायी त्यांनी भरजरी शालू, गालिचे, अत्तरे आणि अहमदजान थिरकवा, कादरबक्ष यांच्यासारखे साथीदार यांवर खर्च केला. नाट्यगृहे भरत असतानाही मंडळीवर कर्जाचा डोंगर चढला, तो एकदा फेडला गेला, आणि अखेरीस बोलपटाच्या लाटेपुढे मंडळीचा निभाव लागला नाही. या कथेवरून कलावंत उधळा असतो एवढेच तात्पर्य काढणे म्हणजे तिचा अपमान आहे. थिरकवांच्या तबल्यावरचा खर्च आणि अत्तरावरचा खर्च हे खतावणीत शेजारी शेजारी, खर्चाच्या एकाच बाजूला पडत असले तरी त्यांची जात एक नव्हे: पहिला खर्च हीच कला होती, दुसरा तिचा थाट होता. हा भेद निव्वळ हिशेबनिसाला कळणार नाही, कारण त्याला दोन्हीकडे आकडेच दिसतील. निव्वळ रसिकालाही कळणार नाही, कारण त्याला दोन्हीकडे वैभवच दिसेल. जो तबला ऐकू शकतो आणि खतावणीही वाचू शकतो, त्यालाच तो कळेल, आणि असा मनुष्य घडविणे हेच या विद्याशाखेचे प्रयोजन होय.

पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे चरित्र याच दृष्टीने वाचण्यासारखे आहे. संस्थानिकांच्या आश्रयावर विसंबून न राहता, जाहीर जलसे आणि लोकांच्या देणग्या यांच्या बळावर 1901 मध्ये त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, अभ्यासक्रम आखला, क्रमिक पुस्तके छापली आणि गाणे शिकण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. संस्था उभारण्याची ही प्रतिभा त्यांच्या गायकीइतकीच अस्सल होती. परंतु मुंबईतील विद्यालयाच्या वास्तूसाठी काढलेले कर्ज डोईजड झाले आणि 1924 मध्ये ती वास्तू लिलावात गेली. पुढे 1931 मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. हे मंडळ एका भव्य इमारतीवर उभे राहिले नाही. गावोगावचे शिक्षक, समान अभ्यासक्रम आणि परीक्षा यांच्या जाळ्यावर ते उभे राहिले व आजही उभे आहे. गुरूचे ध्येय तेच राहिले. त्याला पेलणारी आर्थिक रचना मात्र बदलली, आणि ही रचना शोधणे हे माझ्या मते सर्जनशीलतेचेच काम होते.

व्यवहाराचे सामान्य शास्त्र येथे अपुरे का पडते, याचे उत्तर बाउमोल आणि बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये दिले. कारखान्यात यंत्रसुधारणेमुळे दर माणशी उत्पादन वाढते आणि त्या जोरावर मजुरी वाढविता येते. परंतु चार वादकांची रचना वाजविण्यास दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसे व जितका वेळ लागत असे, तितकाच आजही लागतो, आणि वादकांचे वेतन मात्र काळाबरोबर वाढवावेच लागते. प्रयोगकलेतील तूट ही अशी तिच्या स्वरूपातच आहे. ती नेहमीच कारभाऱ्याच्या गलथानपणाची खूण नसते. सारंगिया कमी करून खर्च वाचविणारा व्यवस्थापक ज्या वस्तूसाठी संस्था चालवावयाची ती वस्तूच मोडीत काढतो. तेव्हा तिकीट, वर्गणी, देणगी आणि सरकारी अनुदान यांचे प्रमाण कोणत्या कलेसाठी कसे बसवावे, हा प्रश्न प्रत्येक संस्थेला स्वतंत्रपणे सोडवावा लागतो.

हिशेब कळणाऱ्यांच्या हाती संस्था गेल्या की जे खपते तेच रंगमंचावर येईल, अशी एक रास्त भीती व्यक्त केली जाते. ही भीती मी मोलाची मानतो, पण तिचा रोख चुकला आहे. ज्या संस्थेला आपली शिल्लक ठाऊक नसते, तिला पहिल्याच अपयशानंतर गर्दीला शरण जावे लागते. जिने तोट्याची तरतूद आधीच करून ठेवलेली असते, तीच नव्या नाटककाराला दुसरी संधी देऊ शकते. अव्यवहाराचा दंड कोण भरतो, हेही विचारले पाहिजे. मंडळी बुडते तेव्हा नायकाची कीर्ती शिल्लक राहते. पडदे रंगविणारा, कपडेपटावरचा मनुष्य आणि साथीदार यांचा थकलेला पगार मात्र कायमचा बुडतो. म्हणून करारनामा स्पष्ट लिहिणे आणि बिदागी वेळेवर देणे हा मला कलेच्या नीतिशास्त्राचाच भाग वाटतो.

असा अभ्यासक्रम परक्या पुस्तकांवर पोसता येणार नाही. कंपनी नाटकांचे इतिहास, बोडसांच्या ‘माझी भूमिके’सारखी आत्मचरित्रे, तमाशाच्या फडांची उचल देण्याची रीत, नारायणगावात जत्रांच्या हंगामापूर्वी ठरणाऱ्या सुपाऱ्या, आणि 1953 पासून भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ उभा केलेला सवाई गंधर्व महोत्सव, ही सारी सामग्री आपल्याच घरात पडून आहे. माझी विनंती दोघांना आहे. विद्यापीठांनी या विषयाच्या विद्यार्थ्याला एक संपूर्ण हंगाम एखाद्या नाट्यसंस्थेच्या किंवा संगीतमंडळाच्या दफ्तरात आणि तालमीत, दोन्हीकडे बसवावे. आणि संस्थाचालकांनी आपल्या जुन्या रोजकीर्दी व करारनामे रद्दीत न घालता अभ्यासकांच्या स्वाधीन करावेत. आपल्या कलांचे पोषण कसे झाले आणि त्या उपाशी का पडल्या, हे त्याच कागदांत लिहिलेले आहे.